चष्म्याची बैठक

४ फेब्रुवारी

चिरंजीव भिंगरी,

आशीर्वाद. नको असले तर बाजूला ठेव, ते नासत नाहीत.

इतक्या वर्षांनी दादाचं पत्र आलं आणि तेही काम काढून, असं म्हणशील. बरोबरच आहे. माझा चष्मा मोडला. न्हाणीघरात एकाचा पाय पडला. बिचाऱ्याने तीनदा माफी मागितली. दरोडेखोर आहे, पण वळण चांगलं. इथे नियम असा आहे की चष्मा घरून आला तर चालतो, आणि चष्म्यांचं दुकान तर आपल्या घरचंच. सरकारी हवा असेल तर अर्ज करायचा, आणि तो मंजूर होईपर्यंत माणसाची नजर तरी संपते किंवा शिक्षा तरी. माझी जन्मठेप आहे, तेव्हा पैज नजरेवर लाव.

नंबर सोबत दिला आहे. तो इथल्या डॉक्टरांनी काढला, म्हणून त्यात तुझ्या अंदाजाने कमीजास्त कर. माझा त्यांच्यापेक्षा तुझ्यावर जास्त विश्वास आहे. हे वाक्य हातातून सहज उतरलं. मग मी थांबलो, पुन्हा वाचलं, आणि तसंच राहू दिलं.

त्या संध्याकाळबद्दल मी काही लिहिणार नाही. तू साक्ष दिलीस, मी शिक्षा भोगतोय. ज्याचं काम त्याने चोख केलं. खरं बोलावं हे तुला लहानपणी मीच शिकवलं होतं, तेही पट्टी हातात घेऊन. विद्यार्थिनी फारच हुशार निघाली.

अपील फेटाळलं गेल्याचं कळलंच असेल. त्यानंतरही एक खिडकी उरते म्हणे. शिक्षा कायम झालेल्या माणसालाही अर्ज करता येतो, की बाबांनो, हा निकालच मुळात चुकला आहे. माझ्या वकीलबाईंनी तसा अर्ज केला आहे. त्यांचा मुद्दा असा, की माझे पहिले वकील खटल्यात झोपा काढत होते. ते खरंच काढत होते, मी शेजारीच बसलो होतो. पण झोपेवर निकाल फिरत नाही, नवा पुरावा लागतो, आणि तो आमच्याकडे नाही. मार्चअखेर सुनावणी आहे. त्यापुढे खिडकी नाही, भिंत.

पाकिटावर जांभळा शिक्का दिसेल, ‘तपासले’. आमच्या तुरुंगात आलं-गेलं प्रत्येक पत्र एक अधिकारी वाचतो. आम्ही त्यांना पत्रसाहेब म्हणतो. तुला लिहिलेलं सगळं आधी ते वाचणार. (नमस्कार, पत्रसाहेब. अक्षर लागतंय ना?)

चष्मा जमला तर पाठव. नाही जमला तरी रागावणार नाही. रागावण्याची सवय मोडली आहे.

तुझा
दादा

२० फेब्रुवारी

नगराय ददौ दृष्टिं या स्वसा काचकोविदा ।
भ्रातुस्तु नासिका शून्या तां वन्दे मौनधारिणीम् ॥

भिंगरी,

वरचा श्लोक मीच रचला आहे. अर्थ लागला नाही तर तुझी शाळा वाया गेली असं समजेन. चष्मा आला नाही, पत्रही आलं नाही. ठीक. तुला उत्तर द्यायला वेळ लागतो, हे मला तू बोलायला शिकलीस तेव्हापासून माहीत आहे.

तूर्त मी सह्याजींच्या चष्म्यावर दिवस काढतोय. सह्याजी माझ्या खोलीतले. दुसऱ्यांच्या सह्या करायचे, त्यावरून हे नाव पडलं. हात देवाने घडवलेला, बुद्धी बाजारात घेतलेली. त्यांचा चष्मा वाचायचा आहे. पुस्तक उत्तम दिसतं, अंगणातलं जग मात्र दुधात पडल्यासारखं.

काल तोच लावून मी निकालपत्र पुन्हा वाचत बसलो होतो. मान वर केली तर समोरून आचारी येताना दिसला. तेच पोट, तीच डुलत चालण्याची तऱ्हा, अंगात पांढरं. मी मोठ्याने म्हणालो, “काय हो, काल भाजीत मीठ घालायचं राहिलं की ते तुमच्या तत्त्वात बसत नाही?” ते आमचे अधीक्षक होते. जवळ येऊन म्हणाले, “मास्तर, मीठ मी बघतो. तुम्ही डोळे बघा.” सह्याजी हसून लोळले. पण खरं सांगतो, कोणी मला त्या क्षणी शपथेवर विचारलं असतं तर मी आचारीच सांगितला असता. आणि खोटं बोललो नसतो.

यावरून बाबांची ती खोड आठवली. तयार झालेला प्रत्येक चष्मा गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी स्वतःच्या नाकावर चढवायचे. काच कशी आहे ते यंत्र सांगतं, म्हणायचे, पण बैठक नाकच सांगतं. खिडकीतल्या आरशात बघायचं, दांड्या सारख्या आहेत का. मग मान झटकन वर करायची, घसरतो का. तूही तेच उचललंस. दुकान बंद करायच्या आधी दिवसभरातले तयार चष्मे एकेक करून नाकावर, आरशात बघायचं, मग मान वर, समोर रस्त्यावर

भिंगरी, इथेच थांबतो. मला वकीलबाईंना ताबडतोब निरोप द्यायचा आहे. शिपाई पत्रं गोळा करत दारात उभा आहे. जाऊ दे हे असंच.

दादा

३ मार्च

चि. भिंगरी,

आशीर्वाद.

वकीलबाईंनी मला तीन विषय नेमून दिले आहेत. हवा, प्रकृती आणि जेवण. मी म्हणालो, त्यापेक्षा पत्रंच बंद करतो. त्या म्हणाल्या, “एकदम बंद केलीत तर ते आणखी वाईट दिसेल. शाळकरी निबंध लिहा, मास्तर. जन्मभर तपासलेत की तसले.”

तेव्हा निबंध. हवा कोरडी आहे. आकाश आमच्या भागात चौकोनी असतं, आणि आज ते स्वच्छ आहे असं इतरांचं मत आहे. मला ते कसंही चालतं.

प्रकृती ठीक. झोप येत नाही, पण ते या वयात चालायचंच.

जेवणात सुधारणा आहे. मीठ वाढलं. ते कोणामुळे वाढलं हे इथे सांगत नाही.

मागच्या पत्राबद्दल मला काही विचारायचं नाही. मिळालं असेल तरी नाही, मिळालं नसेल तरी नाही. तूही काही कळवू नकोस. या दोन वाक्यांवर पत्रसाहेबांनी पेन्सिल ठेवली तर मी समजू शकतो.

दादा

१२ मार्च
(हे तुला पाठवायचं नाही.)

भिंगरी,

हे पत्र मी तपासणीला देणार नाही, म्हणजे ते तुला मिळणारही नाही. त्यामुळे पहिल्यांदाच मोकळेपणाने लिहितोय.

तुझी साक्ष निकालपत्रात जशीच्या तशी छापली आहे. दुकानासमोरच्या माडीवरचे ते जुन्या वस्तूंचे व्यापारी डोक्यात घाव बसून मेले, त्या संध्याकाळची. दुपारी मी त्यांच्याशी भांडलो होतो. एक अख्खं हस्तलिखित फाडून त्यांनी पान-पान सुटं विकलं होतं. मी त्यांना ज्या शिव्या दिल्या त्या संस्कृतात होत्या, आणि सरकारी अनुवादकाने त्यांचा असा काही आशीर्वाद करून टाकला की मला न्यायालयात लाज वाटली. त्यावर मला कोणी जन्मठेप दिली नसती. दिली ती तुझ्या शब्दावर. “समोरच्या जिन्यावरून माझा भाऊ उतरताना मी पाहिला.” “तुम्ही चष्मा घातला होता?” “हो.” “ओळखण्यात चूक होणं शक्य आहे?” “नाही.” माझे पहिले वकील तेवढ्यापुरते जागे होते, पण त्यांना पुढचा प्रश्न सुचला नाही. तो मलाही सुचला नाही. इतकी वर्षं. अधीक्षकांना आचारी समजेपर्यंत.

चष्मा होता. पण कोणाचा?

मी त्या संध्याकाळी तिथे नव्हतो, ग. नदीकाठी बसून मनात त्या माणसाला आणखी शिव्या देत होतो. साक्षीला नदी, तीही वाहून गेलेली.

वकीलबाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी वही मिटली. म्हणाल्या, “हे बहिणीला कळवलंत?” मी म्हणालो, “अर्धं.” बाईंचा चेहरा मी सह्याजींच्या चष्म्यातून बघत होतो, तरी कळला. “मास्तर, आता तिने हेच सांगितलं तरी सरकारी वकील म्हणणार, भावाने तुरुंगातून पढवलं. तुमचं ते पत्र तिच्या हातात पडलं असेल तर तिच्या शब्दाला दमडीची किंमत नाही.”

हे झालं तेव्हाचं. परवा बाई पुन्हा आल्या. आल्या त्या बसल्याच नाहीत. म्हणाल्या, तू स्वतःहून न्यायालयात गेलीस. कोणी बोलावलं नव्हतं, वकील नव्हता. आपली पहिली साक्ष अपुरी होती असं शपथपत्र देऊन आलीस. आत काय लिहिलंस ते मला सांगायला बाई तयार नाहीत. आणि सरकारी वकिलांनी लगेच मागणी केली की कैद्याची सगळी पत्रं न्यायालयात हजर करा.

म्हणजे तू बोललीस. पण कधी? माझं पत्र यायच्या आधी की नंतर?

त्याच दिवशी तुझं पार्सल आलं. चष्मा, मऊ फडकं, बाकी काही नाही. चिठ्ठी नाही. मी डबी उलटी करून बघितली, फडकं झटकून बघितलं. पत्रसाहेब म्हणाले, “आम्ही आधीच झटकलंय.” चष्मा नाकावर असा बसला की जणू तो तिथे होताच. बैठक तू पाहिलीस, हे सांगायची गरज नव्हती. पत्रसाहेबांच्या कपाळावर जखमेची जुनी खूण आहे, ती मला पहिल्यांदा दिसली. त्यांच्या तोंडावर मात्र काही दिसलं नाही. ते दिसायला अजून कोणी काच केलेली नाही.

आता खरी गोष्ट. सह्याजी सुटले आज सकाळी. काल अंगणात मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, “गुरुजी, ताईंचं दुकान माझ्या वाटेवर आहे. तोंडी निरोप द्या. लिहून नको, काही नको.”

“काय निरोप?”

“एवढाच, की ते दुसरं पत्र जाळा, आणि विचारलं तर म्हणा मिळालंच नाही. टपालात काय काय हरवतं. अहो, जगात याच्याइतकं साधं खोटं नाही.”

“तुम्ही जन्मभर खोट्यात घालवलात. तुम्हाला ते साधंच वाटणार.”

“आणि तुम्ही खऱ्यात घालवलात. बसलोय दोघंही एकाच खोलीत.”

मी म्हणालो, उद्या सकाळी सांगतो.

सकाळपर्यंत मी ते वाक्य तुझ्या तोंडी बसवून बघत होतो. “मिळालं नाही.” दोन शब्द. तू ते म्हणशील का, याची मला शंका नव्हती. मी सांगितलं असतं तर म्हटलं असतंस, हीच भीती होती. तू खरं बोललीस म्हणून मी आत आलो. त्याचा मला राग आला, फार आला, पण तुझं बोलणं खोटं आहे असं मला एकदाही वाटलं नाही. त्या एका गोष्टीला धरून मी इथे शहाणा राहिलो. आता मीच तुला खोटं बोलायला लावून बाहेर आलो, तर बाहेर येऊन तुझ्याकडे बघायचं कसं?

सह्याजी गठुडं घेऊन दारात आले. मी म्हणालो, “निरोप नाही. चष्मा छान झालाय एवढं सांगा.”

ते म्हणाले, “गुरुजी, तुम्ही मरेपर्यंत इथेच राहणार.” आणि खाली वाकून पाया पडले. लबाड माणसाचे नमस्कार फार मनापासून असतात.

आता ते गेले. मीही माझं एकुलतं एक खोटं दवडलं. पाकिटं न्यायालयात उघडतील तेव्हा सगळं संपेल, आणि ते मी माझ्याच हाताने लिहिलेलं असेल. बरोबर श्लोकही.

दादा

२ एप्रिल

भिंगरी,

तू साक्षीदार, म्हणून तुझी साक्ष होईपर्यंत तुला बाहेर बसवलं होतं, आणि साक्ष झाल्यावर तू थांबली नाहीस. तेव्हा आत काय काय झालं ते तुला कोणीतरी सांगायला हवं. मी मोकळाच आहे.

तू आलीस ती माझ्याकडे न बघता. केस पिकलेत तुझे. मी नव्या चष्म्यातून बघत होतो, त्यामुळे सूट नव्हती.

न्यायमूर्तींनी विचारलं, “पहिल्या वेळी तुम्ही सांगितलंत की चष्मा घातला होता.”

“होता.”

“मग आता वेगळं काय?”

“तो माझा नव्हता. गिऱ्हाइकाचा होता. बैठक बघत होते.”

“हे तेव्हा का सांगितलं नाही?”

“विचारलं नाही. आणि माझ्या डोक्यातही आलं नाही, साहेब. दिवसभर माझ्या नाकावर कोणाचा ना कोणाचा चष्मा असतो.”

“समोरचं धूसर दिसत होतं, हेही जाणवलं नाही?”

“मान वर करते ती बघायला नाही करत. चष्मा घसरतो का, त्यासाठी करते.”

सरकारी वकील उठले. इतक्या वर्षांनी, अपीलसुद्धा संपल्यावर, हे अचानक कसं आठवलं? त्यांच्या आवाजात गोडवा होता. तू कठड्याला धरलंस.

“दादाचा चष्मा केला. त्याने मागवला होता. तयार झाला तसा नाकावर घातला, आरशात बघितलं, मान वर केली. समोरच्या जिन्यावरून दादा उतरत होता.”

“कोण?” न्यायमूर्ती म्हणाले.

“हाच. एक खांदा खाली, पायरीवर थबकत, तसाच कोट. मी धावत दारात गेले, हाकही मारली. चष्मा काढला तर विजेचं मीटर बघणारा माणूस होता. तो घाबरला.”

“आणि तुमचा भाऊ तेव्हा?”

“तुरुंगात. तिथूनच तर नंबर पाठवला होता.”

“मग त्या पहिल्या संध्याकाळी तुम्हाला कोण दिसलं?”

तू तेव्हा माझ्याकडे बघितलंस. “माणूस दिसला,” म्हणालीस. “भाऊ मी घातला त्यात. दुपारी भांडण ऐकलं होतं.”

तू बाहेर गेलीस आणि सरकारी वकिलांनी माझी पत्रं मागितली. फेब्रुवारीच्या वीस तारखेला कैद्याने साक्षीदाराला पत्र लिहिल्याची नोंद आहे, आणि शपथपत्र त्यानंतरचं आहे. म्हणजे हे सगळं तुरुंगात शिजलं. मी वकीलबाईंकडे बघितलं. त्या समोर बघत होत्या, जसं बुडणाऱ्या माणसाने पोहता येत असल्यासारखं दाखवावं.

पत्रसाहेब पिंजऱ्यात उभे राहिले. कपाळावर जखमेची खूण, काखेत पिशवी. पहिलं पत्र रवाना, ते म्हणाले. त्यात चष्म्याचा नंबर आणि कौटुंबिक मजकूर. तिसरं रवाना. त्यात हवामान.

“आणि दुसरं?”

त्यांनी पिशवीतून पाकीट काढलं. जांभळा शिक्का त्यावर नव्हताच. “हे गेलेलं नाही.”

“का?”

“सुरुवातीला अनोळखी भाषेतला मजकूर आहे. नियमाप्रमाणे अनुवाद होईपर्यंत रोखून ठेवायचं. अनुवादकासाठी वर लिहिलंय. उत्तर नाही.”

“तुरुंगात ही भाषा जाणणारा कोणीच नाही?”

“एक आहे,” पत्रसाहेब म्हणाले. “पण त्यांचंच पत्र होतं.”

भिंगरी, न्यायालयात हसायचं नसतं. तरी लोक हसले, सरकारी वकीलसुद्धा अर्धे. पाकीट तिथेच उघडलं, पत्र वाचलं गेलं, माझं ते अर्धं तुटलेलं वाक्य सगळ्यांनी ऐकलं. मग न्यायमूर्तींनी मलाच श्लोकाचा अर्थ विचारला. मी उभा राहून सांगितला, की जी बहीण साऱ्या गावाला नजर देते पण भावाचं नाक मोकळं ठेवते, त्या मौनी बाईला माझा नमस्कार. ते म्हणाले, “हे पत्र गेलं असतं, तर आज आम्ही इथे बसलो नसतो.” वृत्त बरं आहे की नाही, ते काही बोलले नाहीत.

बाहेर मी पत्रसाहेबांना म्हणालो, “पत्र गेलं नाही हे मला सांगायचं तरी. मी महिनाभर मरत होतो.”

“विचारलं नाहीत,” ते म्हणाले.

तुम्हा दोघांना एका घरात जन्माला घालायला हवं होतं.

निकाल काल आला. शिक्षा रद्द, खटला नव्याने चालवा, तोवर जामीन. मी निर्दोष आहे असं कोणी म्हटलेलं नाही. मी सध्या अनिर्णित आहे. सरकार पुन्हा खटला चालवणार की नाही, ते ठरेल तेव्हा ठरेल. ज्याने ते केलं तो कुठेतरी मोकळा फिरतोय, आणि त्याचं चालणं माझ्यासारखं आहे, एवढंच आपल्याला माहीत. कधीकधी याचीच भीती वाटते.

हे पत्र तपासणीला दिलेलं नाही. पत्रसाहेब म्हणाले, उद्या सुटताना स्वतःच घेऊन जा, मला तेवढं वाचन कमी. सोबत १२ मार्चचंही आणतोय. ते सावकाश वाच, आणि सह्याजी दुकानात आले तर त्यांना काही सही करायला देऊ नकोस.

एक अडचण आहे. तू पाठवलेला चष्मा न्यायालयाने पुरावा म्हणून ठेवून घेतला. त्याच्या दांडीला आता चिठ्ठी बांधली आहे आणि मी पुन्हा दुधात आहे. दारात उभा राहीन तेव्हा मला तू नीट दिसणार नाहीस. मीही बराच बदललोय, आणि कोट तो नाही. म्हणजे ओळखायचं काम पुन्हा तुझ्यावरच आलं.

दार उघडायला येशील तेव्हा तुझा स्वतःचा चष्मा घालून ये.

दादा